विकण्याआधीचा रंग

आमची कॅम्पर व्हॅन विकायची ठरली तेव्हा ओळखीच्या एका मेकॅनिकने आपुलकीने सल्ला दिला : गंजलेल्या जागी पुट्टी भरून घ्या, वरून रंगाचा हात फिरवा, किंमत सहज वाढेल. सल्ला व्यवहाराला धरून होता. तरी तो मानू नये असं माझं ठाम मत झालं, आणि ते या एका गाडीपुरतं नाही.

गाडी 1973 ची, फोक्सवॅगनची. इंजिन मागे, हवेने थंड होणारं. छप्पर वर उचललं की कॅनव्हासची खोली तयार होते. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत तिथे झोपायची. वेल्सच्या किनाऱ्यावर पाऊस कोसळत असताना आतल्या शेगडीवर आम्ही किती वेळा पोहे केले! त्या फोडणीचा वास पडद्यांत असा मुरलाय की धुऊनही जात नाही.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं. म्हणून दारांखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालची जागा इथला गंज नुसता दिसण्यापुरता नसतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर पोकळ भागांत जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर रंगाला फोड येतो तोवर आत कागदाएवढी जाडी उरलेली असते. त्यावर पुट्टी भरणं म्हणजे वाळवीने पोखरलेल्या वाशाला चुना फासणं.

त्यात चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये 2018 पासून वार्षिक तपासणीची सक्ती राहिली नाही. गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहेच, पण दरवर्षी खाली वाकून बघणारा त्रयस्थ डोळा गेला. या गाड्यांत पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकतं आणि गाडी पेटते. आमच्या नळ्या कधी बदलल्या हे मी सांगितलं नाही, तर दुसरं कोण सांगणार?

‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो : रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो; शेवटी रथ हे या सगळ्यांच्या आधाराने चालणारं नाव ठरतं. कुठले भाग बदलले तरी गाडी तीच राहते, हा तसाच प्रश्न जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला रोजचा आहे. ब्रिटनमध्ये खूप बदललेल्या गाडीचा मूळ नोंदणी क्रमांक ठेवायचा का, हे ठरवताना बरीच वर्षं गुण मोजले जात. सांगाड्याला किंवा भार पेलणाऱ्या पत्र्याच्या अंगाला 5, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2, इंजिनाला अवघा 1. ज्याच्या आवाजावर आपला एवढा जीव, त्याला एक गुण! पण मला तो हिशेब पटतो. इंजिन काढून दुसरं बसवता येतं, पत्रा मात्र गाडी जिथे गेली तिथलं पाणी आणि मीठ अंगावर वागवतो.

नव्या मालकाने अर्धा पत्रा कापून नवा जोडला तरी मला वाईट वाटणार नाही. त्याला पुढे गाडी चालवायची आहे. फक्त कुठला अर्धा कापायचा हे त्याला कळायला हवं, आणि रंगाचा ताजा थर नेमकं तेच झाकतो. म्हणून आम्ही गाडी नुसती धुतली, गंजाचे फोटो जवळून काढले आणि दुरुस्त्यांची वही समोरच्या सीटवर ठेवली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. तरुण मुलगी होती, थेट ओल्या गवतावर आडवी होऊन गाडीखाली सरकली. जरा वेळाने आतून आवाज आला, “इथे भोक आहे.” मी खाली वाकलो आणि म्हटलं, “त्याच्या मागे हातभर अंतरावर अजून एक आहे, मॅटखाली. तेही बघून घ्या.”