एका विमानाची सेवा

बीएई 146 या जातीचे पहिले विमान 3 सप्टेंबर 1981 रोजी इंग्लंडमधील हॅटफील्ड येथून प्रथम उडाले. त्याचे नोंदणी चिन्ह जी-एसएसएसएच होते आणि कारखान्याचा क्रमांक ई1001. पुढे तेच विमान जी-एलयूएक्सई या चिन्हाने आणि ई3001 या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. चिन्ह बदलले, क्रमांक बदलला, लांबीही बदलली. विमानांच्या याद्या करणारे प्रत्येक विमानाला एक ओळ देतात: क्रमांक, मालक, पहिले उड्डाण, भंगारात गेल्याची तारीख. हे विमान त्या ओळीत मावत नाही.

जातीचा इतिहास सर्वज्ञात आहे. हॉकर सिडली कंपनीने 1973 मध्ये हा प्रकल्प जाहीर केला, तेलसंकटानंतरच्या मंदीत 1974 मध्ये तो थांबवला आणि राष्ट्रीयीकरणातून जन्मलेल्या ब्रिटिश एरोस्पेसने 1978 मध्ये तो पुन्हा हाती घेतला. वर बसवलेले पंख, आखूड धावपट्टीवर उतरण्याची क्षमता आणि कमी आवाज ही त्याची वैशिष्ट्ये. एवढ्याशा विमानाला चार इंजिने कशाला, हा आक्षेप मात्र सुटला नाही. चार इंजिने म्हणजे दोन इंजिनांच्या विमानापेक्षा देखभाल जास्त, आणि प्रादेशिक मार्गांवर नफ्याचे गणित आधीच तंग असते.

पहिले विमान विमान कंपनीच्या ताफ्यात न जाता उत्पादकाच्या चाचण्यांसाठी राहिले. या जातीची लांब आवृत्ती काढायची ठरली तेव्हा नवा नमुना न बांधता याच विमानाचा सांगाडा वाढवण्यात आला. सुमारे 26 मीटरचे विमान जवळपास 31 मीटरचे झाले आणि 1 मे 1987 रोजी 146-300 चा आद्य नमुना म्हणून पुन्हा ‘पहिल्यांदा’ उडाले.

यादीवाल्यांचा आक्षेप इथे सुरू होतो. ज्या प्रवासी विमानाचे आयुष्य वेळापत्रकाबाहेर गेले, त्याची सेवा ती कसली? आक्षेप हास्यास्पद नाही. प्रवासी विमान प्रवाशांसाठीच बांधले जाते. पण त्यात जात आणि व्यक्ती यांची गल्लत आहे. सेवेचा हेतू जातीला असतो. एकेका विमानाच्या वाट्याला काय येईल, ते परिस्थिती ठरवते. हे विमान पुढे ब्रिटनच्या हवामान संशोधनात गेले. त्याआधी त्या कामासाठी वापरले जाणारे हर्क्युलिस मूळचे लष्करी मालवाहू होते. 2001 मध्ये ते या कामातून निवृत्त झाले आणि नंतर एअरबस ए400एमच्या नव्या इंजिनाची चाचणी त्याच्याच पंखावर झाली. मालवाहू म्हणून त्याच्या नावावर काय उरते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हर्क्युलिसची जागा घेण्यासाठी जी-एलयूएक्सईत बरेच फेरफार झाले. आसनांच्या जागी उपकरणांच्या मांडण्या आल्या, इंधनाच्या जादा टाक्या बसल्या, आणि 2004 पासून ते वातावरणाची मोजमापे घेऊ लागले. डिसेंबर 2005 मध्ये बन्सफील्डच्या तेलसाठ्याला आग लागली तेव्हा त्याने धुराचा पट्टा मोजला. 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख आणि 2012 मध्ये उत्तर समुद्रातील एल्गिन विहिरीतून सुटणारा वायू त्याने तपासला. समुद्रावर अवघ्या 50 फुटांपर्यंत खाली उतरावे लागणाऱ्या कामात चार इंजिने हा खर्च राहत नाही, ती सुरक्षितता ठरते. बाजारात जे उणे होते तेच इथे अधिक झाले.

महाराष्ट्राला जवळचा वाटावा असा टप्पा 2016 चा आहे. मोसमी पावसाचा अभ्यास करणाऱ्या, भारत आणि ब्रिटन यांच्या संयुक्त इन्कम्पास मोहिमेत हे विमान लखनौ आणि बंगळूरहून उडाले. मोसमी पाऊस आग्नेयेकडून वायव्येकडे सरकतो, पण मधल्या थरातला कोरडा वारा वायव्येकडून त्याच्यावर चालून येतो. ओलावा या कोरड्या थराला खालून पोखरत पुढे कसा जातो, हे उत्तरेच्या मैदानावर मोजले गेले. दक्षिणेत अरबी समुद्र आणि पश्चिम घाट ओलांडून किनाऱ्यालगतच्या पावसाची घडण पाहण्यात आली.

इथवर निष्कर्ष सोपा दिसतो: महत्त्व कामाचे आहे, विमान कोणतेही चालले असते. तो टिकत नाही. विमान ज्या हवेचे मोजमाप घेते, तीच हवा ते बिघडवतही असते. सेकंदाला 100 मीटर वेगाने येणारी हवा संवेदकापाशी थांबली की सुमारे 5 अंश सेल्सिअसने तापते. नाकाजवळचा दाब आजूबाजूच्या दाबाहून वेगळा असतो. या चुका वजा कराव्या लागतात आणि त्यांचे प्रमाण विमानाच्या आकारावर, त्यावर काय कुठे बसवले आहे यावर ठरते. ते वर्षानुवर्षे तपासलेले असेल तरच बन्सफील्डचा आकडा आणि लखनौचा आकडा शेजारी मांडता येतो. म्हणजे यादीवाल्यांचा एकेका विमानाबद्दलचा हट्ट बरोबर आहे. फक्त मालकाचे नाव आणि तारखा नोंदवून ते ज्या गोष्टीपाशी थांबतात, ती चुकीची आहे. नोंदवायला हवा तो विमानाच्या दुरुस्त्यांचा आणि तपासण्यांचा इतिहास.

या विमानाचा सेवाकाळ 2040 पर्यंत वाढवण्यासाठी ब्रिटनने 4.9 कोटी पौंड मंजूर केले. त्याच्या जातीची बहुतेक विमाने प्रवासी सेवेतून गेली आहेत. प्रवाशाला त्या जातीचे कोणतेही विमान चालले असते. मोजमापाला हेच लागते.