हरल्यावर माणसाने कसे वागावे?

हार कोणाला चुकली आहे? परंतु हरल्यावर वागावे कसे, हा धर्माचा प्रश्न आहे. त्याचा विचार आम्ही आज एका परदेशच्या गृहस्थावरून करतो.

अमेरिकेत वेंडेल विल्की या नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. कॉमनवेल्थ अँड सदर्न या मोठ्या वीज कंपनीचे ते अध्यक्ष. पूर्वी एकदाही कुठल्या पदावर निवडून आलेले नसता १९४० साली रिपब्लिकन पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले. समोर रूझवेल्ट. विल्कींना सुमारे २ कोटी २३ लाख मते पडली, रूझवेल्टांना २ कोटी ७३ लाख. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींत ८२ विरुद्ध ४४९. म्हणजे साफच हरले म्हणा ना!

खरी गोम पुढेच आहे. रूझवेल्ट आले तर देश युद्धात लोटला जाईल, असे भय त्यांनी प्रचारात घातले होते. आणि जानेवारी १९४१ मध्ये त्याच रूझवेल्टांचे पत्र घेऊन ते चर्चिलना भेटायला लंडनला गेले! परत येऊन, ब्रिटनला साह्य देण्याच्या रूझवेल्टांच्या विधेयकाच्या बाजूने त्यांनी सेनेटपुढे साक्ष दिली. तिथे जुन्या बोलांची आठवण निघाली, तेव्हा ते प्रचारातले बोलणे होते, असे सांगून मोकळे झाले.

पूर्वपक्षी म्हणेल, "महाराज, हा तर शब्द फिरवणारा! याची थोरवी काय गाता?" शंका रास्त आहे. मतांसाठी भय घालणे हा वाणीचा दोषच, आणि 'प्रचारात असे चालायचेच' म्हटल्याने तो धुतला जात नाही. चार लोकांपुढे बोलणारा, पुढारी असो की कीर्तनकार, ऐकणाऱ्यांच्या विश्वासाचा ऋणी असतो.

पण अहो, ब्रिटनला साह्य करावे, हे मत त्यांचे निवडणुकीआधीपासूनचे होते. फलाशेने ते झाकोळले. आशा संपली तेव्हा ते पुन्हा स्वच्छ दिसू लागले.

"हरल्यावर आशा सुटली, यात नवल ते काय?" असे कोणी म्हणेल. बाबांनो, हरलेल्याची आशा सहसा सुटत नाही. ती द्वेषाचे रूप घेते. जिंकणाऱ्याचे काम बिघडावे, मग त्यात देश बुडाला तरी चालेल, अशी बुद्धी होते. विल्कींनी ती होऊ दिली नाही. त्यात लाभ म्हणावा, तर तोही नाही. स्वपक्षातले पुष्कळ लोक बिथरले. १९४४ साली विस्कॉन्सिनच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांचा एकही प्रतिनिधी निवडून आला नाही. त्यांनी उमेदवारी सोडली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, बावन्नाव्या वर्षी, ते वारले.

तेव्हा सिद्धान्त असा, की फलाशा वाणीला मळवते, आणि द्वेषाला जागा न देता सोसलेली हार तीच वाणी निर्मळ करते. गावच्या निवडणुकीनंतर सख्खे भाऊ एकमेकांच्या दारातून जात नाहीत, हे आपण पाहतोच. हरलेल्या भावाने आधी दुसऱ्याचा उंबरा ओलांडावा. त्याने मान जात नाही.