कसोटी आणि कर्जखते

सज्जनहो, घरात दुखणे आले, पीक बुडाले, की आपण म्हणतो, "देव परीक्षा पाहतो आहे." म्हणणे चुकीचे नाही. पण परीक्षा म्हटली म्हणजे प्रश्न आला, त्याला उत्तरही आले. ते उत्तर लिहायचे कोठे, हे मात्र आपण विचारीत नाही. पुष्कळांना वाटते, मुकाट्याने सोसले की झाले उत्तर! अहो, बांधावरचा दगडही ऊनपाऊस सोसतोच की. मग भक्ताचे सोसणे निराळे ते कशाने?

तुकोबारायांचे चरित्र डोळ्यांपुढे आणू या. सन १६३० च्या सुमारास दख्खनेत घोर दुष्काळ पडला. देहूच्या या वाण्याचा व्यापार बसला. पहिली बायको अन्नावाचून गेली, तिच्यामागे लेकरू गेले. दिवाळे निघाले, चारचौघांत मान खाली गेली. तुकोबा डोंगराच्या एकांतात जाऊन बसले, तेव्हा धाकटे बंधू कान्होबा शोधीत शोधीत तेथवर आले. घरी वडिलांच्या वेळची कर्जखते होती. लोकांकडून येणे होते. संसारी माणूस म्हणेल, "आता तर वसुली करायलाच हवी!" परंपरा सांगते की तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला.

यातले वर्म असे. दुष्काळ एकट्या तुकोबांवर आला नव्हता. ज्यांच्याकडे येणे होते त्यांच्याही चुली विझल्या होत्या. स्वतःच्या दुःखाने तुकोबांना त्यांचे दुःख दिसू लागले. देवाने घातलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शेजाऱ्याच्या खात्यावर लिहिले. आणि दुसरे असे, की उदार झाले ते आपल्या वाट्यापुरते. भावाचा हक्क त्यांनी पाण्यात सोडला नाही. दुसऱ्याच्या पदरचे देऊन पुण्य जोडणे सोपे असते. ते येथे नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक सन १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, असे ते सांगत. पूल म्हटला की त्यावरून येणे आणि जाणे दोन्ही घडते. आपणही पलीकडे डोकावून पाहू. ख्रिस्ती बांधवांच्या पवित्र शास्त्रात ईयोब नावाच्या भक्ताची कथा आहे. त्याची गुरेढोरे गेली, दहा मुले एका दिवसात गेली, अंगभर फोडे उठले. समाचाराला आलेले मित्रच त्याला म्हणू लागले, "तुझेच काही पाप असेल." ईयोब रडला, देवाशी भांडलाही, पण देवाला सोडून गेला नाही. शेवटी त्याचे दिवस पालटले ते केव्हा? ज्यांनी जखमेवर मीठ चोळले, त्याच मित्रांसाठी त्याने प्रार्थना केली तेव्हा! धर्म निराळा, देश निराळा, पण उत्तराची जागा तीच.

आता आपल्या घरी येऊ. तुकोबा चिंतनाला बसत त्या डोंगराचे नाव भंडारा, आणि आपल्या जिल्ह्याचेही नाव भंडारा. नुसत्या नावाने नाते जुळत नाही, करणीने जुळते. आपला हा धानाचा आणि तलावांचा मुलुख. सन २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, घरे आणि उभे धान पाण्याखाली गेले. एखाद्या साली याच्या उलट घडते. धान निसवायला आले की पाऊस दडी मारतो आणि तलावाचे पाणी पाळीने घ्यावे लागते. वरच्या बांधीवाल्याने पाणी अडवून धरले तर खालच्याची लोंबी पोचट राहते. मग कोणी रात्री कुदळ घेऊन निघतो आणि सकाळी भाऊ भावाच्या दारात शिव्या देत उभा राहतो. बाप्पा, परीक्षा झाली ती त्या रात्री! पाऊस देवाच्या हाती होता, पण बांध आपल्या हाती होता.

तसेच उसनवारीचे. रोवणीच्या दिवसांत गरजू माणूस खंडीभर धान मागतो. आपण दीडपटीच्या बोलीने देतो, आणि त्याचे पीक बुडाले तरी बोली सोडीत नाही. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि मनात दीडपट! विठोबाने ही खतावणी कोणत्या डोळ्यांनी पाहावी?

सगळेच पाण्यात सोडा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्यालाही लेकरेबाळे आहेत, सोसायटीचे कर्ज आहे. पण ज्या वर्षी आपल्यावर संकट येईल, त्या वर्षी आपल्या वाट्यातले एक तरी येणे सैल करू या. कोणाची मुदत वाढवू, कोणाची वाढ सोडू. काहीच येणे नसेल, तर मनात धरून ठेवलेला एखादा अपमान सोडू. तेही खतच आहे, आणि त्याचे व्याज फार चढते. पंढरीच्या वाटेवर ओझे जितके कमी तितके पाऊल हलके पडते, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको.

एवढी बुद्धी पांडुरंगाने आम्हां सर्वांस द्यावी, हीच त्याच्या चरणी विनंती. रामकृष्णहरि.