दाराशी आलेला गायक



आपण कुटुंबासह हॉटेलात जेवायला बसलो आहोत आणि एक माणूस दारात येऊन मालकाला विचारतो, ‘तुमच्या गिऱ्हाइकांना चार गाणी ऐकवू का?’ बहुतेक मालक त्याला बाहेरची वाट दाखवतील. आणि आपण? आपला हात आधी खिशाकडे जाईल, सुटे पैसे चाचपायला. गाणे सुरू होण्यापूर्वीच आपण त्याला भिकारी ठरवलेले असते. विरार लोकलमध्ये आपण हे नेहमीच करतो.

स्कॉटलंडमध्ये अशा फिरत्या गायकांची मोठी परंपरा होती. जिमी मॅक्बेथ हे त्यांतले एक. १८९४ साली पोर्टसॉय या मासेमारीच्या गावी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली, शेतावर गडी म्हणून राहिले, पहिल्या महायुद्धात गॉर्डन हायलँडर्स पलटणीत लढले. परत आल्यावर त्यांनी गाण्याची वाट धरली. बाजार, जत्रा, रस्त्याचे कोपरे, जिथे चार माणसे जमतील तिथे ते गात आणि मिळेल ते घेत. गाणी गडीमाणसांचीच होती, त्यांत कंजूष मालक, घोडे आणि पोटाला न पुरणारे जेवण असे.

१९५१ साली हॅमिश हेंडरसन आणि अमेरिकेहून आलेले अॅलन लोमॅक्स या संग्राहकांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच वर्षी एडिंबरोच्या पीपल्स फेस्टिवलमध्ये ते सभागृहात गायले. गाणी तीच आणि आवाजही तोच. समोरची माणसे मात्र आता ऐकायला बसली होती.

हे हेंडरसन एडिंबरोतल्या सँडी बेल्स नावाच्या पबमध्ये नेहमी बसत. तिथे वादकांसाठी वेगळे व्यासपीठ नसते. गिऱ्हाइकांच्या शेजारी टेबलाशी बसून फिडल वाजवायचे, अशी तिथली रीत. (पबचे नाव काढले म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत, आम्ही बाकाविषयी बोलत आहोत, पेल्याविषयी नाही.)

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात हा प्रश्न घेतला आहे. लोकांचे मन रिझवणाऱ्याचा धंदा मुळात पापाचा नाही, असे ते म्हणतात, आणि त्याला बेताचा मोबदला देणारा माणूस न्यायाने वागतो. ध्यानात घ्या, ते याला न्याय म्हणतात! सेमिनरीत आम्ही हे वाचले, पण खरे सांगायचे तर परीक्षेपुरतेच. त्याच ठिकाणी ते वाळवंटातील तपस्वी पफ्नुशियस यांची गोष्ट सांगतात. स्वर्गात तुझ्या सोबतीला लोकांची करमणूक करणारा एक माणूस असेल, असे देवाने त्यांना कळवले. उपासतापास करणाऱ्या त्या संताला हे ऐकून काय वाटले असेल!

प्रभू येशूनेही बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला दिला आहे. मुले पावा वाजवतात, पण सोबती नाचत नाहीत. ही तक्रार पैशांची नाही. वाजवणाऱ्याने काहीतरी देऊ केले आणि ते घ्यायला कोणी आले नाही, हे त्या मुलांचे दुःख आहे. देण्याविषयी आम्ही वेदीवरून पुष्कळ बोलतो. घ्यायचे कसे, हे क्वचितच सांगतो.

आता आपल्याच अंगणातले. गेल्या सणाला मिरवणुकीत बँडवाल्यांनी भर उन्हात दोन तास वाजवले. मंडपात आपल्या पंगती उठल्या, तेव्हा ती माणसे विहिरीजवळ वाद्ये मांडीवर घेऊन बसली होती. त्यांच्या जेवणाची आठवण आम्हांला शेवटी झाली. तोवर भात गार झाला होता आणि मटणाचा नुसता रस्सा उरला होता. त्यांनी काही न बोलता तो खाल्ला. यजमान आम्ही होतो, दोष आमचा आहे.

यंदा बँडला पहिल्या पंगतीत बसवायचे, असे आम्ही सण समितीला सांगितले आहे. त्या पंगतीला वाढण्यासाठी दहा जण हवेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आजच्या दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात नाव द्यावे. पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे.

आपला,
धर्मगुरू