पहिले शील आणि पाचवे

अमली द्रव्यांविषयी १९६१ साली झालेल्या एकल आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत, व्यसन हे व्यक्तीला घोर अनिष्ट व समाजाला संकट होय असे म्हटले आहे, आणि वेदनाशमनासाठी याच द्रव्यांचा वैद्यकीय उपयोग अपरिहार्य आहे असेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले आहे. पहिल्या विधानापायी राष्ट्रांनी तुरुंग भरले. दुसऱ्याची आठवण फार थोड्यांना राहिली. म्हणून या धोरणाच्या परिणामकारकतेचा प्रश्न मला केवळ राज्यकारभाराचा वाटत नाही. एकाला व्यसनापासून वाचविण्यासाठी दुसऱ्या निरपराध जिवाला यातनेत ठेवण्याचा अधिकार कोणास पोहोचतो, हा धर्माचा प्रश्न आहे.

नीमच-मंदसौरच्या शिवारात शेतकरी सरकारी परवान्याने अफूची बोंडे चिरतात, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात आणि तो तोलून सरकारजमा करतात. याच चिकातून मॉर्फिन निघते. जगाला औषधी अफू पुरविणाऱ्या या देशात अमली द्रव्यांविषयीचा १९८५ चा कायदा आला, त्यातील अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आली, आणि थोड्याशा मॉर्फिनसाठी रुग्णालयाला निरनिराळ्या खात्यांचे, निरनिराळ्या मुदतींचे परवाने गोळा करण्याची पाळी आली. परिणाम असा, की पूर्वी वर्षाकाठी शेकडो किलो असलेला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ साली अवघ्या १८ किलोंवर उतरला. कर्करोग हाडांत उतरलेला रोगी रात्र रात्र ओरडत असे, आणि औषध ठाऊक असूनही वैद्य हतबल असे. इकडे चोरटा व्यापार काही थांबला नाही. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने अवैध लागवडीच्या निर्मूलनासाठी किंवा लक्षणीय घटीसाठी घातलेली २००८ ची मुदतही तशीच उलटून गेली.

अमली द्रव्यांची भीती खोटी नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेले घर पाहिलेला मनुष्य तिला खोटी म्हणणार नाही. परंतु बौद्ध पंचशीलातील मद्यादी मादक पदार्थांपासून विरतीचे पाचवे शील उपासक स्वमुखाने ग्रहण करतो, ते त्याच्यावर कोणी बजावीत नाही. आणि त्याआधी, सर्वांत प्रथम, तो प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतो. हाताशी असलेला उपाय कुलपात ठेवून जिवाला तळमळू देणे हीही हिंसाच आहे, मग ती कितीही कायदेशीर दस्तऐवजांनी झाकलेली असो.

१९८५ च्या कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जाळे बरेच सैल केले, पण अंमलबजावणी अजून सर्वदूर पोहोचलेली नाही. जप्तीचे आकडे दरसाल अभिमानाने प्रसिद्ध होतात. त्यांच्याच शेजारी, किती जिल्हा रुग्णालयांत मॉर्फिन मिळते, हेही सरकारने त्याच अहवालात छापले पाहिजे.