शपथेतला एक शब्द

भाटघरच्या धरणाजवळ आमचा स्काउटचा कॅम्प पडायचा. आम्ही चार-पाच मास्तर, सगळे बिनपगारी स्काउटर. एका वर्षी दीक्षाविधीत तीन बोटं वर करून उभा असलेला एक पोरगा 'ईश्वर' या शब्दापाशी गप्प झाला. म्हणाला, "गुरुजी, आमी देव मानत न्हाई."

घर बौद्ध. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञा त्या घरात पाळत.

रात्री शेकोटीपाशी आमची जुंपली. थोरले गुरुजी म्हणाले, "वचन सगळ्यांचं एकच पायजे. आज ह्यानं शब्द बदलला, उद्या दुसरा बदलंल. मग पथक कसलं?"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. एका सुरात वचन म्हटलं की पोरं एक होतात, हे मीही पाहिलेलं.

भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या नियमात 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे, हे मी सांगितलं. पण मला टोचत होतं ते वेगळंच. स्काउटचा पहिलाच नियम, तो विश्वासू असतो. मग घरची प्रतिज्ञा मोडायला लावून त्याच्याकडून आपली शपथ घ्यायची? असल्या शपथेवर विश्वास कुणी ठेवायचा?

सकाळी पोरगा 'धर्म' म्हणाला, खणखणीत. थोरल्या गुरुजींनीच त्याच्या गळ्यात स्कार्फ घातला.

हा पोरगा थांबला म्हणून कळलं तरी. त्याआधी न थांबता बोलून गेलेल्या किती पोरांकडून मी नुसते शब्दच म्हणवून घेतले असतील?