गाडी कवा बंद पडती?

वाईहून पाचगणीला दूध घालणाऱ्या एका तरुणाची जुनी, कार्बोरेटरची मोटारसायकल पसरणी घाटात रोज दगा देऊ लागली. सपाटीला सुरळीत धावायची. चढावर रेस दिली की गचके खाऊन बंद. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे हॉर्न वाजवणारी एसटी. त्याला घाम फुटायचा.

एका मिस्त्रीनं प्लग बदलला, नवा एअर फिल्टर घातला, कार्बोरेटर खोलून साफ केला. रेस दिल्यावर इंजिन बंद पडलं की संशय आधी तिथंच जातो. त्याला बोल लावता येणार नाही. गॅरेजसमोर गाडी ठणठणीत चालायची. घाटात पुन्हा तेच.

मग तो तरुण एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. म्हाताऱ्यानं पान्याला हातच लावला नाही.

"कवा बंद पडती?"

"चढाला, काका. जरा थांबलो की आपोआप चालू हुती."

"आन् पेट्रोल भरल्यावर?"

तरुण थबकला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "तवा बरीच लांब जाती."

"चल घाटात," म्हणत म्हातारा मागं बसला.

चढावर गाडी गचकली, थांबली. म्हाताऱ्यानं टाकीचं झाकण उघडलं. सुस्सकन हवा आत ओढली गेली. तरुणानं किक मारली, गाडी लगेच सुरू.

टाकीतून पेट्रोल उतरेल तेवढी हवा आत यावी, म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अडतं. सपाटीला थोडं पेट्रोल झिरपलं तरी भागतं. चढावर रेस दिली की कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. थोडा वेळ गाडी उभी राहिली की फटीतून हवा शिरते, म्हणून गॅरेजात दोष दिसत नव्हता.

म्हाताऱ्यानं झाकणावरची पांढरी खपली नखानं खरवडली. "दुधाचं माप कुठं ठेवतोस?"

"टाकीवर."

सांडलेलं दूध आणि घाटातली धूळ छिद्रात घट्ट बसली होती. कोमट पाणी आणि बारीक तार, एवढ्यात काम झालं.

तुमची जुनी गाडी अशीच अडत असेल, तर ती कुठं बंद पडते आणि किती वेळानं चालू होते, हे मिस्त्रीनं विचारलं नाही तरी सांगा. झाकण उघडून बघताना जवळ कुणी विडी ओढत नाही ना, हे आधी पाहा. आणि झाकण सैल ठेवून गाडी मात्र कधीच चालवू नका.